आतड्यांचा शॉर्टकट

मागचे दोन विकांत इथे काहीच लिहिलं नाही. कारण जरा विचित्र आहे. मी आतड्यांबद्दल वाचत होतो.

झालं असं, की हापिसातल्या वार्षिक तपासणीत माझी साखर वाढलेली निघाली. उंची १७२ सेंटिमीटर, वजन १२१ किलो, म्हणजे बीएमआय ४०.९. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एका सर्जनबाईंचा नंबर दिला. बाई भल्या होत्या. लेक्चर दिलं नाही, "जिभेवर ताबा ठेवा" म्हणाल्या नाहीत. प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने दोन चित्रं काढली. पहिल्यात जठर उभं कापून वेलची केळ्यासारखं अरुंद केलेलं. दुसऱ्यात जठराचा वरचा एवढासा कोपरा आणि त्याला थेट जोडलेलं आतडं. एकाखाली लिहिलं स्लीव्ह, दुसऱ्याखाली बायपास. "घाई नाही. विचार करून सांगा."

आता सॉफ्टवेअरवाल्या माणसासमोर दोन पर्याय ठेवले की त्याच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, याच्या आधीची वर्जन्स कुठे आहेत? ती का काढून टाकली? जुन्या कोडमध्ये एखादी अगम्य ओळ दिसते, आपण ती उडवायला जातो, आणि मग कळतं की पंधरा वर्षांपूर्वी कुणाचं तरी सगळं कोसळलं होतं म्हणून ती तिथे आहे. बाईंच्या चित्रातली ती वाय आकाराची जोडणी मला अशीच ओळ वाटली. म्हणून शोधत गेलो. (हा वैद्यकीय सल्ला नव्हे. मी जावा लिहितो, पोटं कापत नाही.)

वजन उतरवायची धडपड तशी फार जुनी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'अष्टौनिन्दितीय' नावाचा एक अध्याय आहे. लोक ज्यांना नावं ठेवतात अशी आठ प्रकारची शरीरं: फार उंच, फार बुटकं, फार केसाळ, अजिबात केस नसलेलं, फार काळं, फार गोरं, फार लठ्ठ आणि फार बारीक. पैकी शेवटच्या दोघांची तुलना करून चरक म्हणतो, की कृश असणं त्यातल्या त्यात परवडलं, कारण लठ्ठपणावर इलाज करणं जास्त कठीण. आमच्या मावशीला हे मान्य नाही. तिच्या मते रात्रीचा भात बंद केला आणि सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेतलं की काम फत्ते. माझा भात गेल्या नऊ वर्षांत पाच वेळा बंद झाला आणि पाच वेळा सुरू झाला. प्रत्येक वेळी आधीपेक्षा दोन-तीन किलो जास्तीचे घेऊन.

दहाव्या शतकात स्पेनमधल्या लिऑनचा राजा सांचो इतका लठ्ठ होता, की त्याला घोड्यावर बसता येईना. ९५८ मध्ये सरदारांनी त्याला गादीवरून काढलं. त्याची आजी, नवारची राणी तोदा, नातवाला घेऊन थेट मुसलमान खलिफाच्या कोर्दोबाला गेली. तिथला ज्यू वैद्य हसदाई इब्न शाप्रुत याने त्याला बारीक केलं आणि ९६० मध्ये सांचो गादीवर परत बसला. वैद्याने राजाचे ओठ शिवून त्याला फक्त नळीने काढा पाजला, अशी दंतकथा आहे. खरीखोटी देव जाणे. पण १९७० च्या दशकात डॉक्टरांनी खरोखरच लोकांचे जबडे तारेने बांधून बघितले. वजन उतरायचं. तारा काढल्या की परत चढायचं. हजार वर्षांत प्रगती काय, तर दोऱ्याऐवजी तार!

आधुनिक गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात, आणि मजा म्हणजे तिची सुरुवात उपासमारीपासून होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ॲन्सेल कीज नावाचा शास्त्रज्ञ तिथल्या फुटबॉल स्टेडियमच्या खालच्या खोल्यांमध्ये प्रयोगशाळा चालवत होता. (बीएमआय हे नाव १९७२ मध्ये त्यानेच रूढ केलं. गणित मात्र एकोणिसाव्या शतकातल्या बेल्जियमच्या केतलेचं.) युद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना कसं खाऊ घालायचं हे कळावं म्हणून त्याने ३६ निरोगी तरुणांना १९४५ मध्ये २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. ही मुलं युद्धात लढायला तत्त्व म्हणून नकार दिलेली, म्हणजे मनाची कच्ची नक्कीच नव्हती. त्यांचं वजन सुमारे २५ टक्के उतरलं. पण डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही उरलं नाही. पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, ताटल्या चाटायला लागले, चिडचिडे झाले. प्रयोग संपल्यावर त्यांची भूक कित्येक महिने शमेना आणि चरबी तर आधीपेक्षा जास्त चढली. हा २५ टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच विद्यापीठात काही वर्षांनी क्रेमेन, लिनर आणि नेल्सन हे सर्जन कुत्र्यांची आतडी कापून बघत होते. प्रश्न लठ्ठपणाचा नव्हताच. लहान आतड्याचा वरचा भाग महत्त्वाचा की खालचा, एवढंच बघायचं होतं. उत्तर मिळालं: वरचा अर्धा गेला तर कुत्रं निभावून नेतं, खालचा गेला तर चरबी शोषली जात नाही आणि वजन घटतं. हा निबंध १९५४ चा. आणि मग कुणाच्याही डोक्यात येईल तेच डॉक्टरांच्या डोक्यात आलं. त्याच सुमारास मिनेसोटातच माणसांवर पहिली आतडे-बायपास झाली. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या व्हिक्टर हेन्रिक्सननेही १९५२ मध्ये एका बाईचं १०५ सेंटिमीटर आतडं लठ्ठपणासाठी कापून काढल्याची नोंद केली होती.

कल्पना किती सोपी आहे बघा. खाणं कमी होत नाही ना? ठीक आहे, खा. आम्ही आतलं शोषणच कमी करतो. लहान आतडं साधारण सहा मीटर लांब. त्याच्या सुरुवातीचा तुकडा उचलायचा आणि शेवटाजवळ जोडून द्यायचा. मधला सगळा भाग पोटात तसाच, पण रस्त्यातून बाद. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेसारखं, अधलीमधली सगळी गावं चुकवून.

लॉस एंजेलिसच्या पेन आणि डीविंड यांनी १९५६ पासून आणखी धाडसी प्रकार केला. लहान आतड्याचा वरचा भाग थेट मोठ्या आतड्याला जोडला. दहा रुग्णांची हकीकत १९६३ मध्ये छापली. वजन धडाधड उतरलं, पण जुलाब थांबेनात, क्षार बिघडले, यकृत बिघडलं. मूळ बेत असा होता, की वजन हवं तेवढं उतरलं की आतडं पूर्ववत जोडून द्यायचं. तसं जोडलं. आणि वजन परत आलं!

इथे मी वाचता वाचता थांबलो. कारण हे माझ्या भाताचंच झालं की. रोलबॅक केला आणि डेटा जसाच्या तसा परत आला. म्हणजे काही वर्षं बारीक राहिल्याने शरीर बारीकपणाला 'सरावत' नाही. ते पहिला आकडा कुठेतरी जपून ठेवतं आणि संधी मिळताच तिथे जातं. १९६३ मध्ये हे दहा रुग्णांच्या पोटांत लिहिलेलं होतं. त्यानंतरही डाएटच्या पुस्तकांचा धंदा काही थांबला नाही, ती गोष्ट वेगळी.

मग पेन आणि डीविंड यांनी मोठं आतडं सोडून दिलं आणि १९६९ मध्ये प्रसिद्ध '१४ + ४' मांडलं. वरचं १४ इंच आणि खालचं ४ इंच आतडं वापरात, बाकी बाद. सहा मीटरमधलं जेमतेम अठरा इंच! हे ऑपरेशन सत्तरच्या दशकात अमेरिकेत हजारो लोकांवर झालं. वजन खरंच उतरायचं. पण हळूहळू एकेक बग बाहेर यायला लागला.

बाद केलेलं आतडं रिकामं पडून राहत नाही. साचलेल्या डबक्यात शेवाळ धरावं तसे त्यात जिवाणू माजतात. त्यांची विषं रक्तात उतरून सांधे धरतात, यकृत खराब होतं. ज्यांना सिरोसिस झाला, त्यातले काही गेले. मूतखड्यांची भानगड तर मला थक्क करून गेली. आपल्या जेवणात पालक वगैरेंतून ऑक्झलेट येतं. एरवी कॅल्शियम त्याला आतड्यातच बांधून ठेवतं आणि दोघे मिळून बाहेर जातात. पण इथे न शोषलेली चरबी कॅल्शियमला आधीच पळवून नेते. मोकळं सुटलेलं ऑक्झलेट रक्तात शिरतं, तिथून मूत्रपिंडात, आणि खडे. म्हणजे आतड्यात शॉर्टकट मारला आणि मूत्रपिंडात क्रॅश झाला. अशी लांबवरची डिपेंडन्सी कुठल्या टेस्टमध्ये सापडणार? ती माणसांवरच सापडली, वर्षांनंतर, एकेक करून. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हे ऑपरेशन बंद पडलं. कित्येकांचं पुन्हा पोट उघडून आतडं पूर्ववत करावं लागलं.

मी या रुग्णांचा बराच विचार करतो. त्यांची नावं कुठेच नाहीत. बहुतेक जण माझ्यासारखेच सगळे भात बंद करून थकलेले असणार.

दुसरी वाट काढली एडवर्ड मेसन यांनी. हेही मिनेसोटातच घडलेले, पण काम केलं आयोवा विद्यापीठात. त्या काळी जठराच्या व्रणावर इलाज म्हणून जठराचा मोठा भाग कापून टाकत. मेसन यांच्या लक्षात आलं, की असे रुग्ण नंतर बारीकच राहतात, प्रयत्न करूनही वजन चढत नाही. व्रणवाल्यांसाठी ती डोकेदुखी होती. मेसन म्हणाले, हीच डोकेदुखी दुसऱ्या कुणाला तरी हवी आहे. १९६६ मध्ये चिकाशी इतो या सहकाऱ्याबरोबर त्यांनी जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून त्याला लहान आतड्याचा वेटोळा जोडला. जठराचा उरलेला भाग काढला नाही, फक्त वाटेतून बाजूला केला. गॅस्ट्रिक बायपास म्हणतात ती हीच. यात आतड्यांतून वाहतूक चालू राहते, त्यामुळे डबकं साचत नाही.

तरी एक बग होताच. वेटोळा जोडल्यामुळे पित्त उलटं वर जठराच्या पिशवीत यायचं. केंटकीच्या वॉर्ड ग्रिफेनने १९७७ मध्ये तो सोडवला, आणि त्यासाठी नवीन काही शोधलं नाही. स्वित्झर्लंडच्या लोझानमधला सर्जन सेझार रू याने एकोणिसाव्या शतकातच आतडं जोडायची एक पद्धत काढून ठेवली होती. एका फांदीतून अन्न येतं, दुसरीतून पित्त आणि स्वादुपिंडाचा रस. दोन्ही खाली एकत्र मिळतात, इंग्रजी वाय अक्षरासारख्या. पित्ताला वर चढून जायला वाटच उरत नाही. बाईंच्या चित्रातली ती अगम्य ओळ हीच! चला, एक कोडं सुटलं.

मेसन स्वतः मात्र बायपासवर समाधानी नव्हते. जोडणी अवघड, आणि लोह, कॅल्शियम, बी-१२ यांची कमतरता जन्मभराची. त्यांना काहीतरी साधं हवं होतं. तोवर सर्जनच्या हातात स्टेपलर आला होता. (हाही एक किस्सा: १९०८ मध्ये हंगेरीच्या ह्यूल्टलने बनवलेलं यंत्र, पुढे सोव्हिएत रशियात सुधारलं गेलं, आणि १९५८ मध्ये मार्क रॅविच हा अमेरिकन सर्जन तिथून एक घेऊन आला. शीतयुद्धातली ही आयात फारशी कुणाला माहीत नाही.) स्टेपलरने जठर आडवं शिवून बघितलं, पिशवी ताणली जायची. मग १९८० मध्ये उभं शिवलं आणि पिशवीच्या तोंडाला प्लॅस्टिकच्या जाळीचा पट्टा बांधला. आतड्याला हातच लावायचा नाही. ऐंशीच्या दशकात हेच सगळीकडे चाललं.

पण अरुंद तोंडातून पोळी-भाजी जाताना अडकते, आइस्क्रीम मात्र मस्त उतरतं! मिल्कशेक, चॉकलेट, सगळं. माणूस बिचारा त्रास होत नाही ते खाणार. त्यामुळे वजन परत चढायला लागलं. नळ बारीक करून भूक बारीक होत नाही हे यातून निदान स्पष्ट झालं.

मेसन यांची एक गोष्ट मला फार आवडली. ते १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी बॅरिएट्रिक सर्जनच्या संघटनेचे पहिले अध्यक्ष होते, आणि त्यांनी ऐंशीच्या दशकातच अशा ऑपरेशनांची नोंदवही सुरू केली. कोणी, काय केलं, पुढे काय झालं. स्वतःच्या पद्धती फसल्या तरी लिहून ठेवा. २०२० च्या डिसेंबरमध्ये ते वयाच्या शंभराव्या वर्षी गेले.

नव्वदच्या दशकातलं भराभर सांगतो. १९९१ मध्ये अमेरिकी आरोग्य संस्थेच्या परिषदेने ठरवलं, की बीएमआय ४० च्या वर किंवा सोबत आजार असतील तर ३५ च्या वर असेल, तर ऑपरेशनचा विचार करावा. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी दुर्बिणीतून बायपास सुरू केली. त्याच वर्षी बेल्जियममध्ये मूळचे इथिओपियाचे मितीकू बेलाश्यू यांनी दुर्बिणीतून सिलिकॉनचा बँड बसवला. कातडीखाली बटणासारखा पोर्ट, त्यात सुईने पाणी भरलं की बँड आवळतो. हा बँड मूळ कुझमाक या न्यू जर्सीतल्या सर्जनचा, १९८६ चा. कापाकापी नाही, नको झाला तर काढता येतो, त्यामुळे २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाल्यावर तो जोरात खपला. मग घसरायला, रुतायला, काढावा लागायला लागला. आता जवळजवळ इतिहासजमा.

स्लीव्हची जन्मकथा मात्र अपघाताची आहे. इटलीत जेनोआच्या निकोला स्कोपिनारो यांनी १९७९ मध्ये आतडे-बायपासची सुधारलेली आवृत्ती मांडली होती, ज्यात बाद केलेल्या आतड्यातून पित्त वाहतं म्हणून डबकं होत नाही. पुढे तिच्यात भर पडली ती जठर उभं कापून अरुंद करायची. मोठं, दोन भागांचं, जोखमीचं ऑपरेशन. २००० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मिशेल गाग्ने हे अतिशय वजनदार रुग्णांवर ते दुर्बिणीतून करत होते. त्या रुग्णांना सगळं एकदम झेपेना. म्हणून ठरलं, आधी फक्त जठर अरुंद करू, थोडं वजन उतरलं की सहा-आठ महिन्यांनी दुसरा भाग. पण पहिल्या भागानंतरच अनेकांचं वजन इतकं उतरलं, की दुसऱ्याची गरजच पडली नाही. अर्धवट सोडलेलं काम हेच फायनल रिलीज! आज जगात सगळ्यात जास्त होणारं ऑपरेशन हेच. फक्त कापलेलं जवळपास ८० टक्के जठर बादलीत जातं, ते परत येत नाही. आणि छातीतली जळजळ, ॲसिडिटी, बऱ्याच जणांची वाढते.

बरं, पण हे सगळं चालतं कसं? इतकी वर्षं सर्जनना वाटायचं, पिशवी छोटी आणि आतडं तोकडं, झालं. १९९५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉल्टर पोरीज यांनी १४ वर्षांतल्या ६०८ बायपास रुग्णांचा हिशोब मांडला. त्यात मधुमेहाच्या १४६ रुग्णांपैकी १२१ जणांची साखर नॉर्मल झाली होती. आणि ती वजन उतरायच्या आधीच, ऑपरेशननंतर काही दिवसांत खाली यायची! निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी 'असं होईल असं कुणाला वाटलं असतं?' अशा अर्थाचा प्रश्न टाकला. जठर-आतडं ही नुसती नळी नाही, ती ग्रंथी आहे, मेंदूशी आणि स्वादुपिंडाशी सतत बोलणारी.

१९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी घ्रेलिन शोधलं, जठरात बनणारं भुकेचं हार्मोन. २००२ मध्ये सिएटलच्या डेव्हिड कमिंग्ज यांनी दोन गट तपासले. डाएट करून वजन १७ टक्के उतरवलेल्यांचं घ्रेलिन २४ टक्के वाढलं होतं. बायपासवाल्यांचं मात्र सडपातळ लोकांपेक्षाही ७७ टक्के कमी! बायपासवाले मोजके पाचच होते आणि नंतरच्या सगळ्या अभ्यासांत घ्रेलिनचे आकडे इतके नीट जुळलेले नाहीत. पण दिशा कळली. बायपासनंतर जेवल्यावर जीएलपी-१ सारखी तृप्तीची हार्मोन्स अनेक पटींनी वाढतात, हे तर पक्कं झालं आहे.

आता तो २५ टक्क्यांचा आकडा आठवा. स्टेडियमखालच्या पोरांनी जेवढं वजन घालवलं, तेवढंच बायपासवाले घालवतात. स्वीडनच्या अभ्यासात दहा वर्षांनंतर बायपासवाल्यांचं वजन २५ टक्के कमी होतं. पण एक गट ताटल्या चाटत होता आणि दुसऱ्या गटातली माणसं म्हणतात, अर्ध्या पोळीनंतर नको वाटतं. वजन तेवढंच, भूक निराळी. नऊ वर्षं मी कुठल्या गटात होतो हे मला आता बरोबर कळतं, आणि मावशीला सांगावंसं वाटतं, की जिभेचा संबंध फार थोडा होता गं. सांगितलं नाही, अर्थात. मावशीला कोण सांगणार :-)

स्वीडनचा हा अभ्यास लार्स शोस्त्रोम यांनी गोथेनबर्गमधून १९८७ मध्ये सुरू केला. २०१० जण ऑपरेशन केलेले, २०३७ न केलेले. चिठ्ठ्या टाकून गट पाडता आले नाहीत, कारण तेव्हा ऑपरेशनमधले मृत्यू जास्त असल्याने तसं करणं नीतीला धरून नव्हतं. २००७ मध्ये कळलं, की ऑपरेशनवाल्यांत मृत्यूचं प्रमाण कमी आहे. ऑपरेशननंतरच्या ९० दिवसांत गेलेले पाच जण. २०२० मध्ये आणखी नीट हिशोब आला: ऑपरेशनवाले न केलेल्या लठ्ठ लोकांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त जगले, आणि सर्वसाधारण लोकांपेक्षा साडेपाच वर्षं कमी.

तीन वर्षं. मी हा आकडा बराच वेळ बघत बसलो. जाहिरातीत दाखवतात तसा नवा जन्म वगैरे नाही. पण तीन वर्षं ही काही थोडी नव्हेत. आणि गंमत अशी, की त्या स्वीडिश रुग्णांपैकी ६८ टक्क्यांचं ऑपरेशन मेसन यांच्या उभ्या पट्ट्याचं होतं, जे आज कुणी करत नाही. म्हणजे ज्या ऑपरेशनचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे ते बाजारात नाही, आणि जे बाजारात आहे त्याचा तीस वर्षांचा पुरावा अजून तयार व्हायचाय.

आपल्या लोकांचा एक वेगळाच घोळ आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपला दोघांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून लठ्ठ. म्हणून गोऱ्यांसाठी ठरवलेले आकडे आपल्याला लागू होत नाहीत. २०२२ मध्ये नियम बदलले, तेव्हा आशियाई लोकांसाठी ऑपरेशनचा विचार बीएमआय २७.५ पासून करावा असं लिहिलं गेलं. २०११ मध्ये नितीन गडकरींनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा घरोघरी त्यावर चर्चा झाली होती. आमच्याकडे चर्चेचा सूर "पैसेवाल्यांचे चोचले" असाच होता. मीही त्यात होतो.

आणि हो, इंजेक्शनं. मित्र पहिला प्रश्न हाच विचारतात. जीएलपी-१ ची नक्कल करणाऱ्या औषधांपैकी दोन भारतात २०२५ मध्ये आली, मार्चमध्ये मौंजारो, जूनमध्ये वेगोव्ही. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडने २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. चाकू न लावता ऑपरेशनचा अर्धाअधिक परिणाम, हे खरंच भारी आहे. पण २०२२ मध्ये त्याच चाचणीचा पुढचा भाग आला. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश परत. लॉस एंजेलिस, १९६३! सर्जनबाईही म्हणाल्या, की इंजेक्शन हा पर्याय आहेच, फक्त तो कायमचा धरून चला.

माझा कल आता बायपासकडे आहे. साखर आहे, आणि ॲसिडिटी तर कॉलेजपासूनची सोबतीण, म्हणजे स्लीव्ह मला बहुधा सोसणार नाही. बायपासनंतर दारू पटकन चढते आणि काही जणांना तिचं व्यसन लागतं, हेही वाचलं. आमच्या टीम पार्ट्यांचं काय करायचं ते बघू. बी-१२, लोह, कॅल्शियम जन्मभर. गोड जास्त खाल्लं तर घाम फुटून गरगरतं म्हणे. गणपतीत एकवीस मोदक खायचा आमच्या काकांचा विक्रम आता अबाधित राहणार.

गुरुवारी बाईंकडे जायचंय. प्रश्नांची यादी केली होती, कापत कापत एकच उरला. जास्त वाचून झाल्यावर असं होतं. तुम्ही दहा वर्षांपूर्वी ज्यांची बायपास केली, त्यांच्यातले किती जण आजही तपासणीला येतात, आणि जे येत नाहीत त्यांचं काय झालं हे तुम्हाला माहीत आहे का?